रायफलचा ग्रुप कसा मोजावा?

नेमबाजीत नवीन आलेली मुलं टार्गेट हातात पडलं की आधी गुण मोजतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी ग्रुप मोजा, म्हणजे छर्रे कागदावर एकमेकांपासून किती पसरलेत ते मोजा. पाचही छर्रे एकाच जागी बसले, पण ती जागा डावीकडे सहा गुणांच्या रिंगमध्ये असली, तर साईटचे (नेम धरायच्या भागाचे) काही क्लिक फिरवून काम भागतं. छर्रे चहूकडे विखुरले असतील तर क्लिक फिरवून काहीच साधत नाही.

10 मीटर एअर रायफल घेऊ. नवं कागदी टार्गेट लावा आणि साईटला हात न लावता पाच शॉट मारा. रायफल रिकामी करून, फायरिंग थांबल्याचा आदेश मिळाल्यावरच टार्गेट काढा.

कागद टेबलावर सपाट ठेवा. एकमेकांपासून सर्वांत लांबची दोन छिद्रं शोधा. नजर फसते, म्हणून शंका येईल ती प्रत्येक जोडी मोजा. व्हर्निअर कॅलिपरने एका छिद्राच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि त्यातून एका छिद्राचा व्यास वजा करा. माप 11.3 मिमी आलं आणि छिद्र 4.5 मिमीचं असेल, तर ग्रुप 6.8 मिमी. हे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर झालं. छिद्रं मिसळून एकच फाटकं भोक झालं असेल तरी रीत हीच.

स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, त्या 50 मीटर रायफलमध्ये गोळी 5.6 मिमीची असते. तिचं नाक गोल, त्यामुळे कागद आत दबून पुन्हा मिटतो आणि छिद्र गोळीपेक्षा लहान दिसतं. तिथे त्याच कागदावरचं एखादं सुटं छिद्र मोजून तोच आकडा वजा करा.

एखादा छर्रा लांब गेला म्हणून तो गाळू नका. तोही तुमचाच शॉट आहे. पाच शॉटच्या ग्रुपची तुलना दहा शॉटच्या ग्रुपशी करू नका, कारण शॉट वाढले की ग्रुप मोठाच होत जातो. एका ग्रुपवरून छर्‍यांचा डबा चांगला की वाईट हेही ठरवू नका. चार-पाच ग्रुपची सरासरी काढा.

किती लहान ग्रुप पुरे? एअर रायफलच्या टार्गेटवर मधला, दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा, छर्रा 4.5 मिमीचा, आणि कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे सगळी केंद्रं ठिपक्याभोवतीच्या 5 मिमी व्यासाच्या वर्तुळात बसली, की प्रत्येक शॉट दहाचा.