जंक मेलवाल्यांना आपला पत्ता मिळतो कुठून, आणि आलेल्या मेलचं करायचं काय

मागच्या नोव्हेंबरात बाबांनी फोन माझ्या हातात दिला, "अगं, हयातीच्या दाखल्याचा बँकेने मेल केलाय म्हणतात, मला काही सापडेना, बघ जरा." बघते तर न वाचलेले मेल अकरा हजार चारशे आणि वर काहीतरी. पर्सनल लोन, गुडघेदुखीचं तेल, दुबईत नोकरी (बाबांचं वय बहात्तर), परदेशातल्या कुठल्यातरी बाईची बेवारस इस्टेट. बँकेचा मेल त्या ढिगात नव्हताच. मग दोन रविवार बसून तो इनबॉक्स जागेवर आणला, त्यात जे जे केलं ते लिहितेय. जीमेल धरून लिहितेय कारण आपल्याकडे बहुतेकांचं तेच असतं, बाकीच्यांत बटणं इकडेतिकडे असतील एवढंच.

पत्ता गेला कसा

बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. फ्लॅटचं प्रदर्शन, मॉलमधला लकी ड्रॉ, साडीच्या दुकानात बिल करताना "मॅडम, मेल आयडी?", स्टेशनवरचं फुकट वायफाय. फॉर्मच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की तुमची माहिती आमच्या पार्टनरना देऊ, आणि आपण खाली सही ठोकून मोकळे, मग ती यादी एक्सेल फाइल होऊन या हातातून त्या हातात फिरत राहते.

दुसरं म्हणजे उघड्यावर पडलेले पत्ते. सोसायटीची वेबसाइट, कॉलेजच्या सेमिनारची पीडीएफ, मंडळाच्या कार्यकारिणीची यादी. हे गोळा करायला माणूस लागत नाही, प्रोग्राम असतात, ते रात्रंदिवस पानामागून पान चाळतात आणि अॅटचं चिन्ह दिसलं की त्याच्या मागचं-पुढचं उचलतात.

तिसरं लीक. २०२० मध्ये बिगबास्केटच्या जवळपास २ कोटी ग्राहकांची माहिती बाहेर पडली, २०२१ मध्ये एअर इंडियाने जगभरच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती गेल्याचं सांगितलं. आपला पत्ता अशा कशात होता का ते बघायचं असेल तर 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली. तिथे फक्त मेलचा पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही, की कुठल्या कुठल्या लीकमध्ये तो सापडला ते समोर येतं. बाबांचा तीन ठिकाणी निघाला.

आणि चौथं, अंदाजपंचे. जोशी, पाटील, कुलकर्णी, पुढे जन्मसाल, असे लाखो पत्ते मशीन बनवतं आणि सगळ्यांना मेल सोडतं. खर्च जवळजवळ शून्य, जे मेल परत येत नाहीत ते पत्ते जिवंत समजायचे. म्हणून तर कुणालाही न दिलेल्या कोऱ्या पत्त्यावरसुद्धा कचरा येतो.

यात आपले नातेवाईकही हातभार लावतात बरं का. सत्यनारायणाचं आमंत्रण साठ जणांना, आणि साठच्या साठ पत्ते 'टू' मध्ये. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की सगळी वरात गेली. 'बीसीसी' चा रकाना याचसाठी असतो, त्यात टाकलं की कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही.

तसं हे दुखणं जुनं आहे. ३ मे १९७८ ला गॅरी थर्क नावाच्या सेल्सवाल्याने अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) साधारण चारशे लोकांना आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात एकदम धाडली, लोक भडकले, पण पायंडा पडला तो पडलाच.

आता आलेल्या मेलचं काय

इथे सगळे एकच चूक करतात, सगळ्या नको असलेल्या मेलना एकच औषध. कुणी सगळं डिलीट करतं, कुणी दिसेल त्याला अनसबस्क्राइब (म्हणजे तुमच्या यादीतून माझं नाव काढा), बाबा सगळ्याला रिपोर्ट स्पॅम (म्हणजे हा कचरा आहे असं जीमेलला कळवणं). आधी तीन ढीग करा.

पहिला ढीग, ओळखीच्या कंपन्या. जिथून तुम्ही खरंच काहीतरी घेतलंय किंवा जिथे खातं आहे. हे मेल त्रासदायक, पण चोर नाहीत. इथे अनसबस्क्राइब करायचं. मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते बटण दिसतं, ते नसेल तर अगदी तळाला बारीक लिंक. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियमच केलाय की जे मोठ्या प्रमाणावर जाहिरातीचे मेल पाठवतात त्यांनी एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय दिलीच पाहिजे, जीमेलसाठी हा आकडा दिवसाला ५००० मेलचा. त्यामुळे पूर्वीसारखं सहा प्रश्नांची उत्तरं देत बसावं लागत नाही. एकेक करत बसायचं नसेल तर सर्चमध्ये 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाका, सगळी जाहिरातबाजी एका रांगेत उभी राहते. बाबांचे असे सात हजारांवर निघाले. मग रांगेतल्या प्रत्येक कंपनीतून एकदा बाहेर पडायचं आणि जुने सगळे सिलेक्ट करून एकदम उडवायचे (उडवण्याआधी तिकिटं, बिलं वगैरे त्यात नाहीत ना एवढं बघा).

आणि डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे कॉल बंद करायची सोय) लावलंय म्हणून मेल बंद होतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते फोन आणि एसएमएसपुरतं आहे, मेलला लागू नाही.

दुसरा ढीग, कोण कुठले माहीत नाही असे. तेल, लॉटरी, इस्टेट. यांना अनसबस्क्राइब करायचं नाही, शिव्या द्यायला रिप्लाय तर मुळीच नाही, कारण दोन्हीचा अर्थ त्यांच्या लेखी एकच, या पत्त्यावर माणूस राहतो. न उघडता, यादीतच मेलवर बोट दाबून धरायचं आणि वरच्या तीन टिंबांतून रिपोर्ट स्पॅम. नुसतं डिलीट केलं तर मेल जातो पण जीमेल काही शिकत नाही.

अजून एक गंमत आहे, मेलमधले फोटो. काही मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं टिंबाएवढं चित्र असतं, मेल उघडला की ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि त्यांना कळतं की उघडला. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे इमेजेस, आणि 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग' वर टिक करा. दोन मिनिटांचं काम.

तिसरा ढीग लुटारूंचा. बाबांच्या डब्यात 'तुमचा १५,४९० रुपयांचा इन्कमटॅक्स रिफंड मंजूर' असा एक होता, वर राजमुद्रा वगैरे अगदी झकास. आता पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेलं नाव, कुणीही काहीही लिहावं. अगदी तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला मेल आल्यासारखं दिसतं, तेव्हाही बहुतेक वेळा खातं हॅक झालेलं नसतं, फक्त पाकिटावर तुमचं नाव टाकलेलं असतं. म्हणून लिंकवर क्लिक न करता ती जाते कुठे ते बघा, फोनवर बोट दाबून धरलं तर पत्ता दिसतो. सुरुवातीचं 'https://' सोडून तो डावीकडून वाचत जायचा. पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. इन्कमटॅक्सची खरी साइट असेल तर तिथे 'गव्ह डॉट इन' असतं. बाबांच्या मेलमध्ये गव्ह डॉट इन होतं, पण त्याच्या पुढे अजून एक टिंब आणि 'रिफंड' ने सुरू होणारं भलतंच नाव होतं, म्हणजे साइट त्या भलत्याची. असे मेल कॉम्प्युटरवर तीन टिंबांतून रिपोर्ट फिशिंग (म्हणजे खोटं नाव लावून फसवणारा मेल) करा. क्लिक होऊन पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितकं लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

'तुझा पासवर्ड अमुक आहे, तुझा व्हिडिओ माझ्याकडे आहे, पैसे टाक' असा मेल आला आणि पासवर्ड खरंच तुमचा जुना निघाला तर पोटात गोळा येतो. पण तो बहुतेक वेळा वर सांगितल्यासारख्या एखाद्या लीकमधला असतो, व्हिडिओबिडिओ काही नसतं. पैसे द्यायचे नाहीत, तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदलायचा.

पुढे पत्ता जपायचा कसा

बँक, टॅक्स, शाळा यांना एक पत्ता, लकी ड्रॉ आणि शॉपिंगला दुसरा. एवढ्यानेच अर्धं काम होतं. शिवाय जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो, म्हणजे अबक चा पत्ता 'अबक+फ्लॅट' असा दिला तरी चालतो. मी एका बिल्डरच्या प्रदर्शनात हे करायला गेले तर हाताने भरायचा फॉर्म, टाइप करणाऱ्याने अधिक चं चिन्ह टी वाचलं असणार, मेल आलाच नाही. पुढच्या वेळी टिंब वापरलं. जीमेल नावातली टिंबं मोजतच नाही, त्यामुळे कुठेतरी मध्येच एक टिंब घालून दिला. तीन आठवड्यांत त्याच टिंबासकट एका इन्शुरन्सवाल्याचा मेल, मग मॉड्युलर किचन, मग पॅकर्स अँड मूव्हर्स. यादी कुणी विकली ते कळलं, आणि त्या टिंबवाल्या पत्त्यावर फिल्टर लावून सगळे थेट कचऱ्यात.

राहिला बँकेचा मेल. तो स्पॅममध्ये होता. बाबा बँकेच्या लोनच्या जाहिरातींना महिनोन्महिने रिपोर्ट स्पॅम करत होते, म्हणजे पहिल्या ढिगाला दुसऱ्याचं औषध, मग जीमेलने बँकेचं सगळंच तिकडे टाकायला सुरुवात केली. स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप उडतं, हा मेल येऊन सव्वीस दिवस झाले होते. 'नॉट स्पॅम' दाबलं, पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाकला, आणि बाबांना दर रविवारी पेपर वाचून झाला की स्पॅम फोल्डर वरपासून खालपर्यंत बघायला लावलंय. परवा म्हणाले, "ती इस्टेटवाली बाई अजून थांबलीय बघ माझ्यासाठी."