हायब्रीड गाडी सुरू न होण्याचे कारण: माझा अनुभव

जुनी डिझेल गाडी देऊन आम्ही जपानहून आयात झालेली नवी सातआसनी हायब्रीड घेतली, आणि मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, काही दिवस जागेवरच उभी राहिलेली ही गाडी एका सकाळी सुरूच होईना. हायब्रीडची मोठी बॅटरी भरलेली असली तरी असे घडू शकते, कारण तिला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि गाडीतील संगणक १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवरच जागे होतात. मल्टिमीटर लावला तर तिथे जेमतेम ११.४ व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. डॅशकॅम (काचेजवळ लावलेला, रस्ता टिपणारा कॅमेरा) रात्रंदिवस वीज ओढत होता, आणि उन्हाने बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, तो वेगळाच.

मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनलला दुसऱ्या बॅटरीची केबल जोडून गाडी 'रेडी' स्थितीत (मोठी बॅटरी जोडली जाऊन गाडी चालायला सज्ज) आणली आणि बराच वेळ तशीच ठेवली, कारण हिच्यात इंजिनावर फिरून लहान बॅटरी चार्ज करणारा नेहमीचा अल्टरनेटर नाही. मोठी बॅटरीच व्होल्टेज कमी करणाऱ्या कन्व्हर्टरमार्फत लहान बॅटरी चार्ज करते. गाडी नुसती 'ऑन' (वीज सुरू, पण मोठी बॅटरी न जोडलेली) ठेवली असती तर लहान बॅटरी उलट आणखी उतरली असती. (आमच्या धरमपेठेतल्या अनुभवी मेकॅनिकलाही हा फरक नवाच होता.) डॅशकॅमची वायर आता गाडी बंद होताच बंद पडणाऱ्या फ्यूजवर घेतली आहे.