टीव्हीएस गोल्डचे जुने निळे स्विच नव्या कीबोर्डात बसवताना

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. दिवसभर मराठी टायपिंग, तेही इनस्क्रिप्टवर (मराठी अक्षरांच्या कीबोर्डवरच्या ठरावीक मांडणीवर), आणि त्यासाठी वर्षानुवर्षं हाताखाली टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड. आता टेबलावर आहे तो कीबोर्ड मी स्वतः जोडलाय. केस, प्लेट (स्विच अडकवायचा पत्रा), पीसीबी (सर्किट बोर्ड) सगळं नवीन, पण प्रत्येक कीखालचे स्विच एका बंद पडलेल्या गोल्डमधून काढलेले चेरी एमएक्स ब्लू, म्हणजे चेरी कंपनीचे टिक वाजणारे निळे स्विच. हे घरी कसं जमवायचं ते सांगते. सोल्डरिंग थोडंफार येत असेल तर अवघड काही नाही. वेळ मात्र लागतो.

सुरुवातीलाच एक फरक समजून घ्या. या छंदातली परदेशी मंडळी चेरीच्या जुन्या एमएक्स ब्लॅकच्या मागे असतात. १९८० आणि ९० च्या दशकातल्या टर्मिनलांमध्ये, चेरीच्याच जी८०-३००० सारख्या कीबोर्डांमध्ये ते सापडतात. ब्लॅक लिनिअर असतो, म्हणजे दाबताना ना टिक, ना अडथळा. तो जितका वापरलेला तितका गुळगुळीत लागतो, म्हणून लोक मुद्दाम झिजलेला शोधतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपण निळ्यांनाही तोच नियम लावायला जातो आणि फसतो. निळ्यात सगळी मजा टिकची, आणि सगळ्या कीजची टिक सारखी यायला हवी. खूप बडवलेला निळा आणि जवळजवळ न वापरलेला निळा शेजारीशेजारी बसवले तर बोटांना लगेच कळतं. त्यामुळे निळ्यांमध्ये कमी वापरलेले स्विच आधी हेरायचे. पुढची सगळी मेहनत त्या निवडीसाठी आहे.

कीबोर्ड कुठून आणायचा? भंगारवाला, जुन्या कॉम्प्युटरची दुकानं, बंद झालेला टायपिंग क्लास, सीएचं ऑफिस. पुण्याकडच्यांना रविवार-बुधवारचा जुना बाजार आहेच. विकत घेण्याआधी एक कॅप (कीवरचं अक्षराचं टोपण) उपटून बघा. खाली अधिक चिन्हासारखा निळा दांडा आणि झाकणावर इंग्रजीत चेरीचं नाव कोरलेलं दिसलं पाहिजे. नुसता रबराचा फुगा दिसला तर ठेवून द्या. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या कीबोर्डात दुसऱ्या कंपनीचे स्विचही निघतात, म्हणून कॅप काढल्याशिवाय पैसे देऊ नका. कुणी जुन्या ॲपल एक्स्टेंडेड कीबोर्डातले आल्प्स कंपनीचे स्विच देऊ केले तर तो मामला वेगळा. आल्प्सना प्लेटमध्ये १५.५ × १२.८ मि.मी.चं भोक लागतं, चेरीला १४ × १४ मि.मी.चं. पिनाही वेगळ्या आणि कॅपही.

आणि चालू गोल्ड फोडू नका. पीएस-टू म्हणजे जुन्या गोल पिनवाला असला तरी दहा रुपयांच्या गोष्टीसारखा फेकू नका, कन्व्हर्टर लावून तो अजून कुणाच्या तरी कामाला येतो. केबल तुटलेला, पाणी सांडून सर्किट गेलेला, अर्ध्या कॅप हरवलेला, असाच घ्या.

आता निवड. इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फंक्शन कीज कुणी वापरत नाही, तिथले स्विच कोरे असतात. आपल्याकडे हे डोळे झाकून मानू नका. कीबोर्ड अकाउंटंटच्या टेबलावरचा असेल तर त्यावर टॅली चाललेलं असतं. एफ-८ म्हणजे सेल्स, एफ-९ म्हणजे परचेस, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट. असल्या कीबोर्डात नंबर पॅड, एंटर आणि या फंक्शन कीज सगळ्यात आधी दमतात, आणि मधली इंग्रजी अक्षरं बऱ्यापैकी ताजी राहतात. मराठी टायपिंगच्या कीबोर्डाचं उलट. इनस्क्रिप्टमध्ये काना ई वर आहे आणि हलन्त डी वर, म्हणजे जवळपास प्रत्येक शब्दाला ई आणि प्रत्येक जोडाक्षराला डी. शिवाय र जे वर, क के वर, त एल वर. उजव्या हाताची मधली ओळ अशा कीबोर्डात पार चकाकलेली असते, तर नंबर पॅडला कुणी हात लावलेला नसतो.

म्हणून कॅप काढण्याआधी कीबोर्ड उन्हात तिरपा धरून एक फोटो काढा. चकाकी कुठे आहे, अक्षरं कुठली पुसली आहेत, हे फोटोत स्पष्ट दिसतं. मालक आधी काय काम करत होता ते विचारलंत तर आणखी चांगलं. स्क्रोल लॉक, पॉज, प्रिंट स्क्रीन, इन्सर्ट आणि उजवीकडची विंडोज की इथले स्विच बहुतेक वेळा कोरे निघतात.

मग सोल्डर काढायचं. १०४ कीज, प्रत्येकीला दोन पिना, म्हणजे २०८ सांधे. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. काही जुन्या चेरी स्विचांच्या पोटातून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) किंवा जंपरची तार गेलेली असते, तेव्हा दोनाऐवजी चार पाय दिसतात. असा स्विच निघाला तर बाहेर काढल्यावर उघडून तो डायोड काढून टाका. नव्या पीसीबीवर स्वतःचे डायोड असतातच.

साध्या २५ वॅटच्या सोल्ड्रॉनने (सोल्डरिंग आयर्नने) काम होतं. तापमान बदलता येणारं स्टेशन असेल तर ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. जुना सांधा कोरडा पडलेला असतो, नुसतं सोल्ड्रॉनचं टोक टेकवलं तर तो ढिम्म वितळत नाही. आधी त्यावर थोडं नवं शिसेवालं सोल्डर चढवा. ६३-३७ चं (कथील-शिशाचं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि जुन्यालाही सोबत घेतं. सांधा आरशासारखा चमकला की सोल्ड्रॉनचं टोक एका बाजूला टेकलेलंच ठेवून दुसऱ्या बाजूने सकरचं (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाचं) तोंड टेकवा आणि खटका दाबा. मग पिन नखाने किंवा चिमट्याने हलवून बघा. भोकात मोकळी डुलली तर सुटली. कडेला चिकटली असेल तर ओढाताण करू नका, पुन्हा सोल्डर चढवून पुन्हा ओढा, किंवा फ्लक्स लावलेली विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) वापरा.

एका सांध्यावर तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका. जुन्या बोर्डाचं तांबं उखडलं तर उखडू दे, तो बोर्ड आपल्याला नकोच आहे. पण उष्णता पिनेतून वर चढते, स्विचचं खालचं प्लास्टिक मऊ पडतं आणि पिन तिरकी होते. असा स्विच वरून धडधाकट दिसतो आणि नव्या बोर्डात बसताना त्रास देतो. काम खिडकीजवळ, पंखा धूर बाहेर नेईल असा लावून करा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

स्विच सुटले की एका पसरट थर्माकोलमध्ये त्यांच्या मूळ जागेनुसारच टोचत जा: वरची ओळ वर, नंबर पॅड उजवीकडे. सगळे एका डब्यात ओतले तर मघाचा फोटो वाया गेला. सरळ पिना वाकत नाहीत हा वरचा फायदा.

स्विच उघडायला दोन्ही बाजूंना मिळून चार खाचा असतात. छोटा ओपनर मिळतो, नाहीतर दोन चिमटेही चालतात. झाकण निघालं की वर निळा दांडा, त्याच्याभोवती सैल पांढरा भाग, खाली स्प्रिंग. टिक त्या पांढऱ्या भागाची. निळा दांडा खाली जातो, पांढरा खालच्या भागातल्या धातूच्या पत्तीवर अडतो आणि अडथळा संपला की एकदम सुटून खाली आपटतो. त्याच्या आणि निळ्याच्या मध्ये ग्रीस गेलं की टिक मेलीच समजा. लिनिअर स्विचसाठी जे घट्ट ग्रीस सगळीकडे फासायला सांगतात, ते निळ्यात कुठेही नको.

तेल फक्त स्प्रिंगला. सगळ्या स्प्रिंगा एका झिपच्या पिशवीत घाला, क्रायटॉक्स १०५ तेलाचे चार-दोन थेंब टाका, फुगवून बंद करा आणि भरपूर हलवा. दाबताना येणारी ती तारेसारखी किणकिण थांबते. शिलाई मशीनचं तेल चालेल का, असं बरेच जण विचारतात. पातळ असतं, ओघळून पत्तीपर्यंत जातं आणि धूळ धरतं, म्हणून मी वापरत नाही. डब्ल्यूडी-फॉर्टीही नको.

दांडे, झाकणं आणि पांढरे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून भिजवा, मऊ ब्रशने घासा, दोनदा साध्या पाण्याने धुवा. पत्ती असलेला खालचा भाग पाण्यात बुडवू नका. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश पुरे. संपर्काच्या टोकावर सोनं असतं, तिथे पॉलिश पेपर किंवा खोडरबर फिरवलं तर चांगला स्विच कायमचा बाद. थिनर आणि ॲसिटोन घरातच ठेवू नका म्हणते मी, कारण एकदा हात गेला की कॅपा विरघळतात. धुतलेलं सगळं सावलीत, पंख्याखाली रात्रभर वाळू द्या.

परत जोडताना पांढऱ्या भागाचे दोन पाय पत्तीच्या बाजूला आले पाहिजेत. स्प्रिंग खुंटीवर उभी करा, दांडा आणि पांढरा भाग एकत्र धरून हळू सोडा, मग झाकण चारही कोपऱ्यांनी सारखं दाबा. घाईत दांडा पत्तीवर आपटला तर ती वाकते आणि की कायमची दाबलेली राहते.

मग मल्टिमीटर बीपवर लावा आणि प्रत्येक स्विच दोन प्रकारे दाबून बघा, एकदा झटकन आणि एकदा अगदी सावकाश. निळा साधारण २.२ मि.मी.वर लागतो, पूर्ण प्रवास ४ मि.मी.चा. सावकाश दाबताना बीप तुटक आला, किंवा बोट सोडताना पुन्हा वाजला, तर अल्कोहोलचा आणखी एक हात द्या. तरीही तसंच असेल तर तो बाजूला.

नव्या बोर्डाचा आकार निवडताना मराठी लिहिणाऱ्याने फार लहान बोर्ड घेऊ नये. ४० टक्क्यांचा (आकड्यांची ओळही नसलेला) दिसतो गोंडस, पण इनस्क्रिप्टमध्ये ड आणि ढ चौकटी कंसाच्या कीवर आहेत, ट अवतरणचिन्हाच्या, य स्लॅशच्या. ज्ञ, त्र, क्ष, श्र हे शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ वर. आकड्यांची ओळच नसेल तर ‘ज्ञानेश्वर’ लिहितानाच बोटं अडखळतील. ६५ टक्क्यांच्या (नंबर पॅड आणि फंक्शन कीज नसलेल्या) बोर्डाला ६७-६८ स्विच लागतात, एका गोल्डमधून तेवढे आरामात निवडून निघतात. सगळ्यात ताजे स्विच ई, डी, एस, जे, के, एल, स्लॅश आणि स्पेसबारखाली. मधल्या दर्जाचे उरलेल्या अक्षरांखाली. दमलेले डावीकडच्या कंट्रोल, कॅप्स लॉक, बाणांच्या कीजखाली. इंग्रजी जास्त लिहीत असाल तर यादी तुमची तुम्ही बदला.

जुन्या स्विचला मधल्या खुंटीशेजारी प्लास्टिकचे आणखी दोन पाय असतील तर तो पीसीबीवर थेट बसणारा प्रकार. बहुतेक नव्या पीसीबीला त्यासाठी भोकं असतात. नसतील तर निपरने ते दोन पाय खुडा. हॉट-स्वॅप बोर्ड (स्विच सोल्डर न करता सॉकेटात खोचायचा) घेणार असाल तर पिनांवर उरलेलं सोल्डर विकने पूर्ण उतरवा. जाड पिन सॉकेटची पत्ती फाकवते आणि मग नंतर त्यात कुठलाच नवा स्विच घट्ट बसत नाही. मला विचाराल तर जुन्या स्विचसाठी सोल्डरचाच बोर्ड बरा. आरजीबी दिव्यांचा नाद सोडा, काळ्या झाकणातून उजेड येत नाही.

सोल्डर करण्याआधी रिकामा पीसीबी कॉम्प्युटरला जोडा आणि प्रत्येक कीची दोन भोकं चिमट्याने जोडून अक्षर उमटतं का बघा. स्टॅबिलायझर (स्पेसबारसारख्या लांब की सरळ ठेवणारे भाग) आधी बसवायचे, नंतर जमत नाही. प्लेट दीड मि.मी.ची घ्या, त्यात स्विच कट्ट आवाज करून बसतो. चार कोपऱ्यांचे आणि मधला एक आधी सोल्डर करा, प्लेट समांतर आहे का बाजूने डोळा लावून पाहा, मग उरलेले.

फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) क्यूएमकेचं असेल तर त्यात डिबाउन्स, म्हणजे एकच दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ठेवलेला वेळ, मुळात ५ मिलिसेकंद असतो. जुन्या स्विचसाठी मी तो ८ करते. एकदा दाबून दोन काने उमटायचे थांबतात आणि टायपिंगला उशीर झाल्यासारखं वाटत नाही. तरीही एखादी की दुहेरी उमटली तर आकडा वाढवत बसू नका, तो स्विच बदला. मराठी उमटवणं कॉम्प्युटरचं काम आहे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडलेला असला की झालं, बोर्डाला त्यातलं काही ठाऊक नसतं.

उरलेल्या तीस-पस्तीस स्विचांतले दहा चांगले बदलीसाठी थर्माकोलमध्येच राहू द्या. त्यानंतरही १७ बरे निघाले तर सुटा नंबर पॅड होतो. आमच्या गल्लीतल्या टॅलीवाल्यांना तोच जास्त आवडतो.