ज्वालाग्राही मालाचा कंटेनर न्हावा शेवाला पाठवताना: घोषणापत्र कसे भरावे

शिरोली एमआयडीसीतून फाउंड्री कोटिंगचे (ओतकामाच्या साच्यांना लावायच्या लेपाचे) ड्रम परदेशी पाठवण्याची कागदपत्रे मी बरीच वर्षे तयार करत आले आहे. ‘धोकादायक मालाचे घोषणापत्र सीएचए (कस्टम्सचे काम पाहणारा एजंट) भरून देतो, आपण फक्त सही करायची’ हा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. सीएचए आपण दिलेल्या कागदांवरूनच लिहितो आणि चूक झाली तर जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

सर्वप्रथम शिपिंग लाइनकडून धोकादायक मालाच्या बुकिंगला लेखी मंजुरी घ्या. तोपर्यंत गाडी भरू नका.

खरी अडचण मालाच्या नावाची असते. समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्यासाठीचा आयएमडीजी कोड १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक आहे आणि तो आपल्या ब्रँडचे नाव ओळखत नाही; त्याला यूएन नंबर (धोकादायक पदार्थाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ठरलेले नाव, धोक्याचा वर्ग आणि पॅकिंग ग्रुप (पीजी, म्हणजे धोक्याची तीव्रता) हे चारही याच क्रमाने लागतात. आमच्या अल्कोहोलमिश्रित कोटिंगसाठी ते असे लिहिले जाते: यूएन १९९३, फ्लेमेबल लिक्विड, एन.ओ.एस. (आयसोप्रोपॅनॉल), ३, पीजी २. कंसातले रसायनाचे नाव वगळले की घोषणापत्र अपुरे ठरते, कारण एन.ओ.एस. (‘अन्यत्र उल्लेख नसलेले’) हे सर्वसाधारण नाव आहे आणि आत नेमके काय आहे ते त्यावरून कळत नाही. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते ते) ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर तोही लिहावा लागतो. पॅकिंग ग्रुपही त्यावरच अवलंबून असतो: फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली आणि उत्कलनबिंदू ३५ अंशांवर असल्यास ग्रुप २, तर फ्लॅश पॉइंट २३ ते ६० अंशांच्या दरम्यान असल्यास ग्रुप ३.

माझी चूक इथेच झाली होती. आमच्या एका कोटिंगमध्ये पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायला सुरुवात झाली होती, पण एमएसडीएस (रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक) जुनाच राहिला आणि त्याच्या १४व्या विभागात ‘वाहतुकीसाठी धोकादायक नाही’ असे होते. मी तेच उतरवले. ड्रम उघडल्यावर वास आला, शंका आली, आणि भरलेला कंटेनर परत आणून रिकामा करावा लागला. पैसे गेले त्याचे दुःख ओसरले. पण जहाजावर आग लागली असती, तर खलाशांनी त्या कागदावर विसंबून चुकीचा उपाय केला असता, हा विचार मला अजून सोडत नाही. म्हणून माझा ठाम आग्रह आहे की, कृती बदलली, सॉल्व्हंट बदलले किंवा पुरवठादार बदलला, की नव्या नमुन्याचा फ्लॅश पॉइंट क्लोज्ड कप (बंद भांड्याच्या) पद्धतीने तपासून एमएसडीएस नव्याने करून घ्यावा आणि मगच घोषणापत्राला हात लावावा.

ड्रमवरचा यूएन शिक्काही स्वतः वाचा. ‘१ए२/वाय१.४/१००’ असे असेल, तर १ए२ म्हणजे झाकण निघणारा लोखंडी ड्रम, वाय म्हणजे ग्रुप २ आणि ३ साठी योग्य, आणि १.४ म्हणजे ज्या सापेक्ष घनतेच्या द्रवासाठी तो तपासला गेला आहे ती घनता. झिरकॉनचे कोटिंग जड असते. त्याची घनता १.४ पेक्षा जास्त भरली, तर तो ड्रम कितीही मजबूत दिसो, या मालासाठी चालणार नाही. प्लास्टिकचा ड्रम असेल, तर उत्पादनापासून पाच वर्षांचीच मुदत असते.

प्रत्येक ड्रमवर १०० मिलिमीटरचे ज्वालेचे लेबल लावा, आणि कंटेनरच्या चारही बाजूंना २५० मिलिमीटरचे प्लॅकार्ड (तेच चिन्ह मोठ्या आकारात). एकाच मालाचे एकूण वजन ४,००० किलोंपेक्षा जास्त असेल, तर यूएन नंबरही लावा. लॅशिंग (ड्रम हलू नयेत म्हणून बांधणे) पक्के करा आणि कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेटवर भरताना प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाचीच सही घ्या. हे काम ऑफिसात बसून उरकणे मला मान्य नाही.

पुण्याकडे गाडी सोडण्यापूर्वी चालकाकडे धोकादायक माल नेण्याचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड) असल्याची खात्री करा. घोषणापत्राची प्रत किमान तीन महिने जपून ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. त्याच फाइलमध्ये त्या बॅचचा फ्लॅश पॉइंटचा रिपोर्टही लावावा.