बेने इस्राएल लग्नाचं कोशेर जेवण: या चुका टाळा

हुप्पाखालचा, म्हणजे लग्नाच्या मांडवाखालचा, विधी सहसा बिघडत नाही, कारण तिथे हज्जान (प्रार्थना चालवणारा) उभा असतो. बिघडतं ते भटारखान्यात, आणि तेही पंगत बसायच्या दोन-तीन दिवस आधी. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबागकडच्या हॉलमध्ये केटरर आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम करतो. त्याचा हेतू वाईट नसतो, फक्त बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, कोशेर (यहुदी धर्मनियमांप्रमाणेचं) जेवण कसं असतं हे त्याला नेमकं कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पुढचं सगळं केटररसमोर बसून, कागदावर लिहून ठरवा.

तारीख आधी, हॉल नंतर

शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, या काळात चूल पेटवत नाहीत) आणि सणाच्या दिवशी लग्न नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो ओमेरच्या दिवसांत (पेसाखपासूनचे सात आठवडे) आणि तम्मूझ १७ ते आव ९ या तीन आठवड्यांत. इब्री तारखा इंग्रजी कॅलेंडरवर सरकतात. आव ९ चा, म्हणजे बिरड्याच्या सणाचा, उपास २०२६ मध्ये २३ जुलैला येतो, तर २०२७ मध्ये १२ ऑगस्टला. चुलतभावाचं लग्न ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालं होतं म्हणून आपलंही तेव्हाच, असा हिशेब करून हॉलची आगाऊ रक्कम भरणं महागात पडतं.

दुसरी चूक शनिवारच्या रात्रीची. जूनमध्ये मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, शब्बाथ आठच्या आसपास संपतो. त्यानंतर चूल पेटणार, मग २०० माणसांची बिर्याणी दमावर जाणार. पाहुणे अकरापर्यंत ताटकळतात आणि आचारी घाईने चुकतात. रविवार घ्या. पण रविवारच्या लग्नाची तयारी शनिवारी करता येत नाही, हे धरूनच पुढचं वेळापत्रक आखावं लागतं.

“प्युअर व्हेज आहे” किंवा “हलाल आहे” यावर थांबू नका

पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आत मांस, मासे, अंडं नाही. दूध असू शकतं, द्राक्षापासून केलेलं व्हिनेगर असू शकतं, आणि ज्या भांड्यात ते शिजलं त्याबद्दल ठिपका काहीच बोलत नाही. हलालचंही तसंच. शेखितासाठी, म्हणजे यहुदी पद्धतीने जनावर कापायला, सुरी खाच नसलेली लागते, ती कापण्याआधी आणि नंतर तपासावी लागते आणि जनावराची फुप्फुसं पाहावी लागतात. हे सगळं शोखेतच, म्हणजे ते शिकलेला माणूसच, करू शकतो. खाटकाला “जरा नीट काप” म्हणून सांगून ते होत नाही.

माशांचं गणित सोपं आहे: पंख आणि खवले दोन्ही हवेत. पापलेट, सुरमई, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, माकुल, मोरी, वाम, शिंगाळा चालत नाहीत. माशाचं कालवण आणि मटण एकाच भांड्यात किंवा एकाच ताटलीत वाढू नका. ताटल्या वेगळ्या ठेवा आणि मधे पाणी किंवा पाव द्या. माणसं कमी आणि शोखेत लांब असेल, तर पूर्ण मेन्यू माशांचाच करणं शहाणपणाचं. मटण खारवण्याचा आणि मांसानंतर दुधासाठी थांबण्याचा सगळा व्याप वाचतो.

मटण नेहमी कमी का पडतं

केटरर शंभर माणसांच्या बिर्याणीला साधारण १० किलो तांदूळ आणि १५ किलो मटण धरतो आणि बारा किलोचे दोन बोकड सांगून मोकळा होतो. इथेच फसगत होते. मागच्या पायांत जी शीर असते ती खायला मनाई आहे. ती आणि निषिद्ध चरबी काढणारा जाणकार हाताशी नसेल तर मागचा भाग वापरताच येत नाही. सोललेल्या १२ किलोच्या बोकडाचं जेमतेम निम्मं, म्हणजे पुढचं सहाएक किलो, आपल्या कामाचं. १५ किलोला तीन बोकड लागले. त्यात एखाद्याच्या फुप्फुसाला चिकटलेलं निघून तो बाद झाला तर? म्हणून चौथा सांगून ठेवा आणि उरलेला मागचा भाग कुठे विकायचा ते खाटकाशी आधीच ठरवा.

शोखेताला महिनाभर आधी सांगा. असे जाणते आता थोडे उरलेत आणि एकाच दिवशी दोन लग्नं आली की धावपळ होते.

पाणी, मीठ, पाणी

मटणातलं रक्त मिठाने ओढून काढायचं असतं, आणि त्यासाठी कापल्यापासून ७२ तासांच्या आत मटण भिजलं पाहिजे. रविवारच्या लग्नासाठी गुरुवारी सकाळी कापणं, शुक्रवारी दुपारपर्यंत खारवणं, मग फ्रीज, आणि रविवारी पहाटे चूल, हा क्रम बसतो. शुक्रवारचं काम “उद्या बघू” म्हणून सोडलं तर शनिवार मधे येतो आणि रविवारी सकाळी ७२ तास भरतात.

क्रम असा. बिर्याणीचे तुकडे आधी करून घ्या, म्हणजे खारवल्यावर आतला नवा भाग उघडा पडत नाही. अर्धा तास गार पाण्यात बुडवा. बाहेर काढून निथळू द्या, पण कोरडं होऊ देऊ नका. मग जाडं मीठ सगळ्या बाजूंनी लावा आणि तासभर उतरत्या जाळीवर ठेवा. शेवटी तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा.

सगळ्यात जास्त चुका जाळीपाशी होतात. सपाट परातीत मीठ लावून ठेवलं की रक्त तळाशी साचतं आणि खालचे तुकडे त्यातच बसून राहतात. बारीक मीठ विरघळून जातं, ओढून काढण्याचं काम करत नाही. दाणे खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे हवेत. मटण फ्रीझरमधलं असेल तर आधी पूर्ण वितळू द्या, गोठलेल्या तुकड्यावर मीठ लावून उपयोग नाही. कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची पद्धत अनेक दुकानांत असते, ती खारवण्याआधी चालत नाही. सोलूनच द्यायला सांगा. काळीज मिठाने होत नाही, ते उघड्या विस्तवावर भाजावं लागतं. कलेजी मेन्यूत नसलेली बरी.

आचाऱ्याला बजावून सांगा की मटण आधीच खारं आहे. नेहमीच्या अंदाजाच्या निम्मं मीठ घालून चाखायचं. खारवलेलं मटण दोन रात्री हॉलच्या फ्रीजमध्ये राहणार असेल तर फ्रीजला कुलूप आणि वर शिक्का, असे दोन अडसर ठेवा.

डेग आणि सुऱ्या

भाड्याची डेग काल कशाला वापरली होती कोणास ठाऊक. धातूची डेग कोशेर करता येते. कडांखालचं, कानाच्या रिव्हेटमागचं काळं किटण खरवडून काढा. मग २४ तास ती वापरू नका. त्यानंतर तोंडोतोंड पाणी भरून खळखळ उकळी आणा आणि तापवून लाल केलेला लोखंडी गोळा त्यात सोडा, म्हणजे उकळतं पाणी काठावरून चारी बाजूंनी वाहतं. शेवटी गार पाण्याने धुवा. हे गुरुवारीच उरका. झाकणं मात्र हटकून राहून जातात, आणि दमाची वाफ तर झाकणालाच लागते. झारे, उलथनी, चिमटेही त्याच उकळीत बुडवा.

सीग (कबाबची सळई) विस्तवात लाल होईपर्यंत तापवावी लागते. मातीच्या हंड्या होत नाहीत, त्या नव्याच घ्या. हॉलचा तंदूर विसरा.

चाकूची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कांदा, लसूण, आलं तिखट असल्यामुळे सुरीला लागलेली चव ओढून घेतात, असं हलाखा (यहुदी धर्मनियम) मानते. म्हणून केटररच्या गोदामातून चिरून आलेला कांदा आणि बाजारची आलं-लसणाची पेस्ट, दोन्ही नको. चार नव्या सुऱ्या घ्या. पातळ दोरा बांधून मटणाची आणि पार्वेची (ना मांस, ना दूध अशा जिन्नसांची) सुरी वेगळी करा. कांदा जागेवरच चिरा.

चूल पेटवणं आणि डेग चुलीवर ठेवणं, ही दोन कामं घरच्या यहुदी माणसाने करावीत. आचारी कोणीही असो, पहाटे पाच वाजता तिथे हजर राहणारा एक माणूस ठरवा. नवरदेवाच्या भावाला हे काम देऊ नका, तो रात्रभर मेहंदीत जागलेला असतो.

दूध लपून बसतं

मांसाहारी मेन्यूत दूध नाही, हे केटरर लगेच कबूल करतो आणि पनीर काढून टाकतो. मग दही मटणाच्या मसाल्यात, तूप बिरिस्त्यात, दूध केशर भिजवायला, लोणी नानवर, खवा गुलाबजामात आणि दूध-पावडर पावात येते. यादी पदार्थांची नको, जिन्नसांची मागा.

दह्याऐवजी किलोला मोठा चमचाभर कच्च्या पपईचा कीस आणि दोन चमचे लिंबाचा रस पुरतो. तासाभरात मटण मऊ होतं, जास्त ठेवलंत तर लगदा होतो. रश्शाला नारळाचं दूध, आणि तेही शेवटी, मंद आचेवर. मोठी उकळी आली की ते फाटतं. मे महिन्यात काढलेलं दूध दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर आंबतं, त्यामुळे दोन वेळा थोडंथोडं काढा. पांढरा रस्सा पाहून पाहुण्याला शंका येऊ नये म्हणून टेबलावर नारळाची वाटी ठेवा. बदामाच्या दुधाशेजारी बदाम ठेवायची जी जुनी रीत आहे, तिचाच हा उपयोग.

गोडात चिकाचा हलवा ठेवलात तर काहीच अडत नाही: गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, वेलची. आइसक्रीमचा स्टॉल मात्र मांसाहारी जेवणाच्या हॉलमध्ये असूच नये, कारण सहा तास थांबायचं आहे हे रांगेत कोणाला आठवत नाही.

नानचा प्रश्न वेगळा. दूध किंवा दही घालून मळलेली भाकर-पाव कोणत्याही जेवणाला चालत नाही, न जाणो कोणी मटणाबरोबर खाईल. बेकरीला पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, तेल एवढ्यावरच पाव करायला सांगा. आणि गव्हाचा पाव नुसता हौसेसाठी नाही. जेवणानंतरच्या शेवा ब्राखोत (सात आशीर्वाद) बिरकत हामाझोनला (जेवणानंतरच्या आभाराच्या प्रार्थनेला) जोडलेल्या आहेत आणि बिरकत भातावर किंवा तांदळाच्या भाकरीवर होत नाही. फक्त बिर्याणी आणि सांदणं ठेवून दहा पुरुष जमवलेत, तरी तो विधी अडतो. हात धुवायला दोन तांबे आणि घमेली मुख्य टेबलाजवळ हवीत.

मलिदा नक्की कोणता

एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाच्या नावाने केलेला) मलिदा म्हणजे गोड पोहे. आचाऱ्याच्या डोक्यातला मलिदा म्हणजे तूप-गुळात कुस्करलेली पोळी. नुसतं “मलिदा” सांगितलं की तीच येते. शंभर जणांना साधारण ३ किलो जाडे पोहे, ६ नारळ, २ किलो साखर, वेलची, मनुका, बदाम, पिस्ता असं लिहून द्या, वर “तूप नाही, दूध नाही”. खजूर उभा चिरून आत पाहिल्याशिवाय ताटात ठेवू नका, अळी तिथेच असते. कोथिंबीर, पुदिना, मेथी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून पानं उजेडात धरा. मावा ही कीड पानाच्या मागच्या बाजूला शिरेला चिकटून बसतो आणि नुसत्या धारेखाली निघत नाही. फ्लॉवर मेन्यूतच घेऊ नका.

पेला आणि केतुबा

द्राक्षाची वाइन कोशेर शिक्क्याची हवी. ती उकळलेली नसेल आणि यहुदी नसलेल्या वाढप्याने ओतली तर तीही चालत नाही. त्यापेक्षा मनुकांचं शरबत घरीच करा. २५० ग्रॅम काळ्या मनुका ७५० मिलि पाण्यात रात्रभर भिजवा, कुस्करून गाळा, एक उकळी देऊन गार करा. मनुका दाबल्यावर त्यांतून रस निघायला हवा, सुकून खडखडीत झालेल्या घेऊ नका. हुप्पाखाली दोनदा पेला लागतो आणि प्रत्येकात निदान ८६ मिलि हवं.

केतुबेवरची, म्हणजे लग्नाच्या करारावरची, तारीख सूर्यास्ताला बदलते. सहाचा मुहूर्त साडेसातला सरकला की दिवसही बदललेला असतो. हज्जानला मुहूर्त सांगताना वरात उशिरा येईल हेही आधीच सांगा. साक्षीदार दोन, शब्बाथ पाळणारे आणि वर-वधूच्या नात्यातले नसलेले हवेत. मामा कितीही जवळचा असला तरी चालत नाही. अंगठी खड्याची नको, साधी हवी आणि नवरदेवाच्या मालकीची. आत्याची उसनी आणलेली असेल तर ती विधीआधी त्याला कायमची दिली पाहिजे.