दारू एकदम बंद केल्यावर माणूस बरळायला लागला तर आधी कॅज्युअल्टी गाठा

गटारी झाली की श्रावण पाळायचा म्हणून रोज पिणारे कितीतरी जण एका रात्रीत दारू बंद करतात आणि घरचे खूश होतात, पण खरी काळजी तेव्हाच घ्यायची असते. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं, फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, चादरीवरून काहीतरी वेचत बसतात, बायकोला ओळखत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे बाहेरचं नाही, वेडही नाही, आणि उपचार नाही मिळाले तर यात जीव जातो.

त्यामुळे मांत्रिक नको, थेट व्यसनमुक्ती केंद्रही नको, ते नंतर. 108 ला फोन करा आणि सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजला न्या, कारण तिथे आयसीयू आणि सायकियाट्री (मानसोपचार विभाग) दोन्ही मिळण्याची शक्यता जास्त. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. घरातली उरलेली झोपेची गोळी देऊ नका.

केसपेपर काढताना लाजेपोटी "ताप आहे, अशक्तपणा आहे" असं सांगतात ना, तिथेच घोळ होतो. स्पष्ट सांगा, शेवटची दारू कधी घेतली, रोज किती, देशी की हातभट्टी, आधी फिट आलीये का, शुगर-बीपीच्या गोळ्या कुठल्या, आणि पडून डोक्याला लागलंय का, हे तर नक्कीच सांगा, कारण मेंदूतला रक्तस्राव पण असाच दिसू शकतो. थायमिनचं इंजेक्शन दिलंय का ते बिनधास्त विचारा, पिणाऱ्यांच्या अंगात हे व्हिटॅमिन कमी असतं आणि ते न मिळाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

कोणी जीव द्यायला विष किंवा गोळ्या घेतल्या असतील तर डबा, पाकीट सोबत घ्या, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) होईल, पोलीस जबाब घेतील, पण त्या भीतीने घरी बसू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेणं आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

थरथर थांबली की "बरा झाला" म्हणून लगेच सही करून घरी आणतात. तसं करू नका. डिस्चार्जच्या आधी सायकियाट्रीच्या डॉक्टरांना वॉर्डमध्ये बोलवायला सांगा, ओपीडीची तारीख कागदावर लिहून घ्या, आणि मधल्या दिवसांत काही वाटलं तर टेली मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, तो 24 तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.