पुठ्ठ्याचं घड्याळ: रविवारी बसायचं, तयारी शनिवारी

मुलं समोर येऊन बसल्यावर कात्री शोधायला लागलात की घड्याळ राहतं बाजूला आणि स्केचपेनवरून मारामारी सुरू होते. म्हणून सामान शनिवारी रात्रीच काढून ठेवा.

तबकडीला कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. काट्यांना तो नको, लगेच मोडतो. त्यांच्यासाठी मिठाईचा बॉक्स बरा. पुठ्ठ्यावर पांढरा कागद डकवलात तर रात्रभर रद्दीच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवा. मुंबईच्या पावसाळी हवेत नुसता ठेवलेला पुठ्ठा सकाळपर्यंत पापडासारखा वळतो.

कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कंपास तसाच उघडा ठेवा. त्याच अंतराने कडेवर खुणा करत गेलात की बरोबर ६ बसतात. दर दोन खुणांच्या मधोमध आणखी एक, की झाले १२ तास. मिनिटांच्या रेघांना कोनमापक, दर ६ अंशांवर एक. (मी एकदा सगळं अंदाजपंचे केलं होतं, तेव्हा १० आणि ११ ला जागाच उरली नाही.)

मिनिटकाटा ९ सेंटिमीटर, तासकाटा साडेपाच, रंग वेगळे. काटे अडकवायला टिचबटण लावा असं सगळे सांगतात, पण त्याची दांडी आखूड. खोक्याच्या पुठ्ठ्यातून ती पलीकडे पोचतच नाही. हार्डवेअरवाल्याकडून बारीक बोल्ट, वॉशर आणि नट आणा. नट दोन, एकावर एक आवळायला. नाहीतर मिनिटकाटा घसरून सारखा सहावर लोंबतो. भोक दाभणाने पाडा, खाली जुना खोडरबर धरून.

आता भाषेची तयारी, आणि माझ्या मते हीच मोठी. स्टेशनच्या इंडिकेटरवर ८:४२ फाडकन वाचणारं पोर भिंतीवरच्या घड्याळापुढे गप्प होतं, कारण आजी विचारते, ‘पावणेसात झाले का रे?’ म्हणून तबकडीवर तीनच्या बाहेर ‘सव्वा’, सहाच्या बाहेर ‘साडे’, नऊच्या बाहेर ‘पावणे’ लिहा. साडेएक आणि साडेदोन आपल्याकडे वाजत नाहीत, दीड आणि अडीच वाजतात, तेव्हा या दोन वेळा वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा. पाऊण वाजला म्हणजे १२:४५, हेही आधी स्वतः दोनदा म्हणून बघा; ऐनवेळी मोठ्यांचीच गडबड होते. ‘पावणे’ला वेळ द्या. त्यात नाव सातचं आणि काटा अजून सहा-सातच्या मधे, मुलं अडतात ती इथेच.

पुठ्ठ्याच्या घड्याळात एक खोट राहतेच. मिनिटकाटा फिरवला तरी तासकाटा जागचा हलत नाही, मग मुलं साडेतीन लावताना तो नेमका तीनवर ठेवतात. त्यासाठी घरातलं एखादं जुनं घड्याळ सेल काढून शेजारी ठेवा. मागची कळ फिरवली की दोन्ही काटे जोडीने सरकतात, मिनिटकाट्याच्या एका फेरीत तासकाटा एक घर. हे मुलांना स्वतःच्या बोटांनी करू द्या.

शेवटी दहा-बारा चिठ्ठ्या कापा, रोजच्याच वेळांच्या: नळाला पाणी येतं ती, शाळेच्या बसची, बाबांच्या लोकलची. दोन कोऱ्या ठेवा. आमच्याकडे एकीवर पोरीने लिहिलं, ‘आई ओरडते, सव्वासात’, आणि काटे बरोबर लावले.